आर्थिक अडचणीतल्या विमान कंपनीचं तिकीट पाच महिने आधी काढावं का? (नागपूर–बंगळुरू, १४ माणसं)

वैनगंगा
नमस्कार मंडळी. घरचं कार्य आहे आणि डोकं चालेनासं झालंय, म्हणून हा धागा काढते आहे.

माझ्या धाकट्या बहिणीच्या मुलीचं लग्न फेब्रुवारीत बंगळुरूला आहे. मुलाकडचे तिथलेच, हॉल त्यांनीच घेतलाय. आमच्याकडून नागपुरातल्या खामला आणि महाल या भागांतून मिळून १४ जण जाणार. आई-बाबा आहेत (बाबा ७८ चे, गुडघ्याचं ऑपरेशन झालेलं), माझा भाऊ-वहिनी, आम्ही दोघं, आणि बाकी आठ पोरंपोरी.

थेट विमानाचे दर काल रात्री पाहिले. एका कंपनीचं एका बाजूचं भाडं ३,८०० दिसतंय, दुसरीचं ६,१००. स्वस्तवाल्या कंपनीबद्दल गेले काही महिने पेपरात येतंय की पगार थकलेत, भाड्याची विमानं मूळ मालक परत मागताहेत. नाव इथे लिहीत नाही, कृपया तुम्हीही अंदाज बांधू नका. प्रश्न कंपनीचा नाहीच, माझ्या निर्णयाचा आहे.

आमचे हे म्हणतात, "चौदा माणसांचे चौसष्ट हजार वाचताहेत, त्यात आहेराचा खर्च निघतो." मला मात्र झोप लागत नाही. फेब्रुवारीपर्यंत ती कंपनी टिकली नाही तर? ज्यांनी असं तिकीट काढलं आहे किंवा ज्यांचं बुडलं आहे, त्यांनी सांगा.

पोट्टा_अजनीचा
ताई, एवढं टेन्शन काहून घेऊन राहिल्या? मी मागच्या वर्षात अशाच एका डगमगत्या कंपनीनं चार वेळा गेलो. दोनदा उशीर झाला, पण पोचलो. पेपरवाले तर रोजच लिहितात. काढून टाका.

तिकीटवाला_बर्डी
माझं सीताबर्डीत तिकिटांचं दुकान आहे, बावीस वर्षं झाली. ताई, तुमच्या प्रश्नात दोन प्रश्न मिसळलेत, ते आधी वेगळे करतो. एक, प्रवास अडकेल का? दोन, पैसा बुडेल का? लोक पहिल्याची काळजी करतात आणि दुसऱ्यात मार खातात.

चालू असलेल्या कंपनीनं विमान रद्द केलं तर डीजीसीएचे, म्हणजे विमान वाहतुकीवर देखरेख ठेवणाऱ्या सरकारी यंत्रणेचे, नियम आहेत. दुसरं विमान किंवा पूर्ण रिफंड, निवड प्रवाशाची. कार्डानं भरलं असेल तर रिफंड ७ दिवसांत यायला हवा. कंपनी "क्रेडिट शेल" पुढे करते, म्हणजे पैसे आमच्याकडेच राहू द्या, पुढच्या तिकिटात वळते करू. ते घेणं सक्तीचं नाही. डगमगत्या कंपनीकडून तर क्रेडिट शेल कधीच घेऊ नका. ती उधारी आहे, आणि ज्याच्याकडे आज पगाराला पैसे नाहीत त्याच्याकडची उधारी आहे.

आता दुकानाच्या विरुद्ध बोलतो. असं तिकीट काढायचंच असेल तर माझ्यासारख्याकडून काढू नका, कंपनीच्या स्वतःच्या साइटवरून क्रेडिट कार्डानं काढा. स्वस्त कंपन्यांसाठी आम्हा एजंटांना आधी पैसे वॉलेटमध्ये भरून ठेवावे लागतात, तिकीट काढलं की त्यातून कापले जातात. तुम्ही मला दिलेला पैसा त्याच मिनिटाला तिकडे गेलेला असतो. कंपनी बंद पडली की ग्राहक माझ्या दारात आणि मी कंपनीच्या. माझे स्वतःचे वॉलेटमधले सव्वा लाख एकदा असेच गेले, आजतागायत परत आले नाहीत. त्यात तीन घरं माझ्या ओळखीची होती, त्यांना मी पदरचे दिले, कारण बर्डीत तोंड दाखवायचं होतं.

क्रेडिट कार्डाचा फायदा असा की सेवा मिळालीच नाही तर बँकेकडे चार्जबॅक, म्हणजे कार्डावर पडलेली रक्कम परत, मागता येतो. पण तो, ज्याच्या नावानं कार्डावर रक्कम पडली त्याच्यावर लागतो. मध्ये पोर्टल किंवा एजंट आला की टोलवाटोलवी सुरू. मुदत असते, म्हणून कंपनी बंद झाल्याचं कळलं की त्याच आठवड्यात अर्ज करायचा. "बघू, सुरू होईल परत" म्हणत बसलेल्यांची मुदत निघून गेलेली मी पाहिली आहे.

एक सांगायचं राहिलं. साइटवर एका पीएनआरवर ९ च माणसं बसतात. १४ म्हटलं की कंपनी तुम्हाला ग्रुप बुकिंगकडे ढकलेल, तिथे आगाऊ रक्कम मागतात आणि अटी वेगळ्या. त्या फंदात पडू नका, तुकडे करून काढा.

वैनगंगा
दादा, फार मोलाचं सांगितलंत. क्रेडिट शेलचं मला माहीतच नव्हतं, मी घेऊन बसले असते.

जमाखर्च
३४ वर्षं बँकेत काढली, शेवटची अकरा कर्ज विभागात. त्या नजरेनं तुमचा हिशेब मांडतो.

स्वस्त कंपनीनं सगळ्यांचं जाणं-येणं: १४ × २ × ३,८०० = १,०६,४००. दुसरीनं: १४ × २ × ६,१०० = १,७०,८००. फरक ६४,४००, तुमच्या यजमानांचं गणित बरोबर आहे. पण ते अर्धंच आहे. ६४,४०० वाचवायला तुम्ही १,०६,४०० पाच महिन्यांसाठी त्या कंपनीकडे ठेवताय. मी कर्ज विभागात असतो आणि ती कंपनी माझ्याकडे पाच महिन्यांचं बिनव्याजी, बिनतारण कर्ज मागायला आली असती, तर मी फाइल परत केली असती. तुम्ही तेच कर्ज तिला देताय, फक्त त्याला तिकीट म्हणताय.

विमान कंपनीला तुमच्या तिकिटाचा पैसा आज मिळतो आणि सेवा फेब्रुवारीत द्यायची असते. धडधाकट कंपनीत हा पैसा उद्याच्या खर्चासाठी असतो. अडचणीतली कंपनी त्यातून आजचं इंधन भरते. म्हणजे फेब्रुवारीतल्या तुमच्या विमानाचं इंधन जानेवारीत तिकीट काढणाऱ्यांच्या पैशातून येणार. लोकांनी तिकिटं काढणं थांबवलं की साखळी तुटते. म्हणून अशा कंपन्या फार आधीच्या तारखांवर घसघशीत सवलती देतात. सगळ्याच सवलती तशा नसतात, पण पगार थकलेल्या कंपनीनं पाच महिन्यांनंतरच्या तारखांवर सवलत लावली की मी थांबून पाहतो.

आणि बुडालंच तर नुकसान १,०६,४०० वर थांबत नाही. एक कंपनी आकाशातून गेली की त्या मार्गावरच्या खुर्च्या कमी होतात आणि उरलेल्यांचे दर चढतात. २०१९ मध्ये जेट एअरवेज बंद झाल्यावर हे देशानं पाहिलं. लग्नाच्या आठवड्यात १४ तिकिटं त्या चढ्या दरानं घ्यावी लागतील, तेही मिळाली तर.

माझा मुद्दा एकच: पैसे भरण्याचा दिवस आणि उडण्याचा दिवस यांत जितकं अंतर, तितका धोका. सहा दिवसांनंतरचं तिकीट अडचणीतल्या कंपनीचं काढायला माझी हरकत नाही. पाच महिन्यांनंतरचं मी काढणार नाही.

आबा_धरमपेठ
मुली, मी तुझ्या बाबांच्याच वयाचा. नव्वदच्या दशकात मी व्यवसायानिमित्त सतत मुंबईला जायचो. तेव्हा खासगी विमानं नुकती आली होती. ईस्ट-वेस्ट, दमानिया, मोदीलुफ्त, काय थाट होता त्यांचा! इंडियन एअरलाइन्सच्या कोरड्या सँडविचची सवय झालेल्या आम्हा लोकांना गरम जेवण, हसतमुख मुली, गरम रुमाल. १९९७ उजाडून सरेपर्यंत तिन्ही नावं गेली होती.

मग २००३ मध्ये कॅप्टन गोपीनाथांची एअर डेक्कन आली आणि आमचा ड्रायव्हर पहिल्यांदा विमानात बसला. तो दिवस मी विसरणार नाही, सोनेगाव विमानतळावर त्याची बायको आणि तीन पोरं त्याला सोडायला आली होती. ती कंपनी किंगफिशरनं घेतली. किंगफिशरचा परवाना ऑक्टोबर २०१२ मध्ये निलंबित झाला. जेट १९९३ पासून उडत होती, १७ एप्रिल २०१९ च्या रात्री अमृतसरहून मुंबईला शेवटचं विमान आलं आणि संपलं. गो फर्स्टनं २ मे २०२३ ला दिवाळखोरीचा अर्ज केला आणि दुसऱ्या दिवसापासून विमानं जमिनीवर.

ही शेवटची तारीख नीट बघ. आदल्या दिवसापर्यंत तिकिटं विकली जात होती. मे महिना, सुट्ट्यांचे दिवस. कंपनी बुडताना प्रवाशाला आधी नोटीस देत नाही, देऊच शकत नाही. तिनं आठ दिवस आधी सांगितलं तर त्याच दिवशी लोक तिकिटं काढणं थांबवतील आणि ती त्याच दिवशी बंद पडेल.

पोट्टा_अजनीचा
आबा, तुमचा मान राखून बोलतो. बुडालेल्यांची यादी वाचली, वाचलेल्यांची पण वाचा नं. स्पाइसजेटला डिसेंबर २०१४ मध्ये तेल कंपन्यांनी उधारीवर इंधन देणं बंद केलं होतं, एक दिवस जवळपास सगळी विमानं उभी होती. सगळे म्हणाले संपली. नाही संपली. २०२२ मध्ये डीजीसीएनं तीनेक महिने तिची निम्मीच उड्डाणं ठेवली, तरी राहिली. २०१९ मध्ये एअर इंडियाला सहा विमानतळांवर तेल कंपन्यांनी इंधन नाकारलं होतं, पुणे त्यात होतं. ती आज टाटांकडे आहे.

आणि उलटं पहा. डिसेंबर २०२५ मध्ये इंडिगोकडे पैशाची काय कमी होती? वैमानिकांच्या विश्रांतीच्या नव्या नियमांची तयारी कमी पडली आणि एका दिवसात हजाराच्या वर विमानं रद्द झाली. सरकारला भाड्यावर कमाल मर्यादा घालावी लागली, ५०० ते १००० किलोमीटरला १२,००० रुपये. म्हणजे मोठी कंपनी घेतली तरी अडकायचं ते अडकतंच. मग चौसष्ट हजार जास्त कशाला द्यायचे?

तिकीटवाला_बर्डी
अजनीच्या भाऊ, तुमचं उदाहरणच माझं म्हणणं सांगतं. त्या डिसेंबरात लोक अडकले, विमानतळावर बॅगांचे ढीग होते, लग्नं हुकली. पण पैसे परत आले. माझ्याकडच्या एकाही गिऱ्हाइकाचा त्या वेळचा रिफंड बुडाला नाही. प्रवास अडकला, पैसा नाही. बंद पडलेल्या कंपनीत दोन्ही जातं.

वकील_सिव्हिललाइन्स
बंद पडल्यावर पैसा कुठे जातो ते सांगतो, कारण "ग्राहक मंचात खेचू" असं प्रत्येकजण म्हणतो.

कंपनीचा दिवाळखोरीचा अर्ज एनसीएलटीनं, म्हणजे कंपन्यांच्या न्यायाधिकरणानं, दाखल करून घेतला की दिवाळखोरी संहितेच्या कलम १४ खाली स्थगिती लागते. त्या काळात कंपनीविरुद्ध नवा दावा चालत नाही, जुना पुढे सरकत नाही. ग्राहक आयोगातला तुमचा अर्ज तिथेच थांबतो. कंपनीचा कारभार कोर्टानं नेमलेल्या व्यावसायिकाकडे जातो आणि तुम्हाला त्याच्याकडे मुदतीत दावा नोंदवावा लागतो. तिकीट, पैसे भरल्याचा पुरावा, ओळखपत्र, सगळं जोडून.

पुढे कंपनी अवसायनात गेली, म्हणजे मालमत्ता विकून ती गुंडाळायची ठरली, तर कलम ५३ प्रमाणे वाटप होतं. प्रक्रियेचा खर्च सगळ्यात आधी. मग कामगारांची २४ महिन्यांची देणी आणि तारण ठेवून कर्ज दिलेल्या बँका. मग इतर कर्मचाऱ्यांचा १२ महिन्यांचा पगार. मग तारण न घेता कर्ज दिलेले. मग सरकारची थकबाकी. तिकीटवाला प्रवासी त्याच्याही मागे, "उरलेली देणी" या ओळीत. त्या ओळीपर्यंत पैसा पोचलेला मी माझ्या कामात फारसा पाहिलेला नाही.

आणि किती वेळ? जेटची प्रक्रिया जून २०१९ मध्ये सुरू झाली. सर्वोच्च न्यायालयानं अवसायनाचा आदेश दिला ७ नोव्हेंबर २०२४ ला. गो फर्स्टचा अवसायनाचा आदेश जानेवारी २०२५ चा.

आणखी एक बदल लोकांच्या लक्षात आलेला नाही. विमानं बहुतेक भाड्याची असतात. पूर्वी स्थगिती लागली की ती मालकालाही नेता येत नव्हती, त्यामुळे कंपनी पुन्हा उभी राहण्याची आशा तरी असायची. ३ ऑक्टोबर २०२३ च्या अधिसूचनेनं विमानं आणि इंजिनं त्या स्थगितीतून वगळली. एप्रिल २०२४ मध्ये दिल्ली उच्च न्यायालयाच्या आदेशानं गो फर्स्टच्या ५४ विमानांची नोंदणी रद्द होऊन ती मालकांना परत मिळण्याचा रस्ता मोकळा झाला. २०२५ मध्ये त्यासाठी स्वतंत्र कायदाही आला. विमान भाड्याने देणाऱ्यांच्या दृष्टीनं हे योग्यच आहे, त्यामुळे पुढे भाडं कमी होईल असं म्हणतात. पण तुमच्या-माझ्यासाठी अर्थ एवढाच की कंपनी पडली तर विमानं लगेच जातात. "महिन्या-दोन महिन्यांत परत उडेल" यावर विसंबू नका.

ब्रिटनमध्ये सहलीच्या पॅकेजसाठी अॅटॉल नावाचं संरक्षण आहे. २०१९ मध्ये थॉमस कुक बुडाली तेव्हा अडकलेल्या लोकांना तिथल्या यंत्रणेनं विमानं पाठवून घरी आणलं. आपल्याकडे तसा निधी नाही. तो असावा, असं माझं ठाम मत आहे. प्रत्येक तिकिटामागे थोडे रुपये बाजूला पडले तरी गरजेच्या वेळी लोकांचा पैसा वाचेल.

सोनेगाव
इतके दिवस फक्त वाचत होतो. आज लिहितो, कारण त्या काउंटरच्या पलीकडे मी उभा होतो.

बंद पडलेल्या एका कंपनीत मी आपल्या विमानतळावर ग्राउंड स्टाफमध्ये होतो. कुठली ते लिहीत नाही, माझे सहकारी अजून या क्षेत्रात आहेत. पेपरात यायच्या आधी आम्हाला काय काय दिसत होतं ते सांगतो.

पगार आधी सात तारखेचा पंधरावर गेला, मग महिनाभर. विमानातल्या खाण्याचे प्रकार कमी झाले. एका विमानाचा सुटा भाग काढून दुसऱ्याला लावायला लागले, कारण नवा भाग उधारीवर मिळेना. पण ज्या दिवशी मला खरं कळलं, तो दिवस इंधनाचा. मुंबईचं विमान भरलं होतं, दारं लावायची होती. इंधनाचा टँकर पंखाखाली उभा, पाइप जोडलेला, पण माणूस कॉक उघडेना. त्याला तेल कंपनीच्या ऑफिसातून फोन यायचा होता की पैसे जमा झाले. आमचे स्टेशन मॅनेजर पंखाच्या सावलीत फोन कानाला लावून एकाच जागी उभे होते. मे महिना, धावपट्टीवरून वाफा निघत होत्या. आत १६० माणसं, एसी पुरत नव्हता, लहान मूल रडत होतं. पस्तीस मिनिटांनी फोन आला. प्रवाशांना आम्ही "तांत्रिक कारण" सांगितलं. तसंच सांगायची सूचना होती.

त्या दिवसापासून मी घरच्यांना आमच्याच कंपनीचं तिकीट काढू दिलं नाही. काउंटरवर मात्र विकत राहिलो. हे मला आजही टोचतं.

शेवटच्या दिवशी पहाटे मेसेज आला की आजपासून उड्डाणं नाहीत. सकाळी सहाला उमरेडकडचं एक म्हातारं जोडपं आलं. मुलीचं बाळंतपण पुण्याला, आजीच्या हातात डिंकाच्या लाडवांचा स्टीलचा डबा, वरून फडकं बांधलेलं. तिकीट जावयानं तीन महिने आधी काढलेलं. मी त्यांना सांगितलं तर आजोबा म्हणाले, "साहेब, उद्याचं द्या मग. आम्ही इथंच बसतो." त्यांना कळतच नव्हतं की उद्या नाहीच आहे. मी आणि एका सहकाऱ्यानं त्यांना ऑटोनं गणेशपेठच्या बसस्टँडवर नेलं, पुण्याच्या गाडीत बसवलं. आजीनं दोन लाडू माझ्या हातावर ठेवले. माझा तीन महिन्यांचा पगार राहिला तो राहिलाच, पण त्या दिवसाचा मला त्याहून जास्त त्रास होतो.

ताई, वयस्कर माणसांना अशा तिकिटावर पाठवू नका. तरुण पोरं रस्ता काढतात. बाबांच्या गुडघ्यांना रात्रभर बसमध्ये बसवणार का?

अंबाझरी
सोनेगाव, वाचून डोळे भरून आले. पण एक प्रश्न मनापासून विचारते. माझा भाऊ आज अशाच एका अडचणीतल्या कंपनीत आहे. अशा चर्चा वाचून लोक तिकिटं काढत नाहीत आणि मग कंपनी खरोखरच बुडते. हजारो घरं तिच्यावर चालतात. त्यांचं काय?

सोनेगाव
ताई, तुमच्या भावासाठी मनापासून वाटतं. मी त्याच जागी होतो. लोकांनी साथ द्यावी असं मलाही वाटायचं. पण ती साथ उमरेडच्या आजी-आजोबांच्या पैशानं नको. कंपनीत भांडवल मालकानं घालायचं, बँकेनं घालायचं. जवळच्या तारखेचं तिकीट काढून लोक साथ देऊ शकतात, जमाखर्च काका म्हणाले तसं. तुमच्या भावाला एवढंच सांगा की पीएफ भरला जातोय का ते दर महिन्याला तपासत राहा. आमच्याकडे पगाराच्याही आधी तिथे खंड पडला होता.

गोरेवाड्याची_लेक
सगळे पैशावर बोलताहात, मी लग्नावर बोलते. वैनगंगाताई, तुमचा भाऊ म्हणजे नवरीचा मामा नं? मामाशिवाय नवरीला बोहल्यावर आणणार कोण? मुहूर्त विमानासाठी थांबत नाही. मामा, आजी-आजोबा आणि तुम्ही मावशी, एवढ्यांचं जाणं तर कुठल्याही परिस्थितीत पक्कं हवं. माझ्या चुलतबहिणीच्या लग्नात मामा रस्त्यात अडकले होते, शेजारच्या काकांनी ते काम केलं. सगळं नीट पार पडलं, पण मामी अजून त्या फोटोंचा अल्बम उघडत नाही.

जमाखर्च
गोरेवाड्याच्या लेकीनं जे सांगितलं त्यावरून एक मधला मार्ग सुचला. जाताना आणि येताना धोका सारखा नाही. जाताना उशीर म्हणजे मुहूर्त हुकला. येताना उशीर म्हणजे दोन दिवस पोरं बंगळुरूत राहतील, सोमवारचं कॉलेज बुडेल.

जाताना सगळे १४ खात्रीच्या कंपनीनं: ८५,४००. येताना तुम्ही सहा मोठे तिनंच: ३६,६००. येताना आठ पोरं स्वस्त कंपनीनं: ३०,४००. एकूण १,५२,४००. चौसष्ट हजार नाही वाचत, १८,४०० वाचतात. पण पणाला फक्त ३०,४०० लागतात. तेही आज लावायची गरज नाही. पोरांचं परतीचं तिकीट जानेवारीत काढा. भाडं थोडं चढेल, पण तोपर्यंत त्या कंपनीचं काय होतंय ते दिसेल.

जाणं आणि येणं एकाच पीएनआरवर बांधू नका, एवढं मात्र पाळा.

आबा_धरमपेठ
आणि रेल्वे विसरू नका! बंगळुरूहून राजधानी नागपूरला येते, संघमित्राही येते. पोरांच्या परतीसाठी एक आरक्षण करून ठेवायचं. विमान पक्कं वाटलं की रद्द करायचं, थोडे पैसे कापले जातील, जाऊ देत. आरक्षण आता १२० नाही, ६० दिवस आधी उघडतं, नोव्हेंबर २०२४ पासून. प्रवासाचा दिवस सोडून मोजायचं. राजधानीत खुर्च्या भरत जातात तसं भाडं चढतं, म्हणून पहिल्याच दिवशी सकाळी आठला बसायचं. तारीख उघडते तेव्हा सुरुवातीला आधार जोडलेल्या खात्यालाच तिकीट मिळतं, ते आत्ताच जोडून ठेव. ऐन वेळी ओटीपी येत नाही.

पोट्टा_अजनीचा
जमाखर्च काकांचा हिशेब पटला. मी एकटा फिरतो, पाठीवर एक बॅग, म्हणून मला वेगळं वाटत होतं. ताई, आई-बाबांचं पक्कंच काढा.

वैनगंगा
तीन दिवसांनी परत लिहिते आहे. घरात धागा मोठ्यानं वाचून दाखवला. सोनेगाव भाऊंचा डब्याचा प्रसंग आला तेव्हा आई उठून स्वयंपाकघरात गेली. थोड्या वेळानं बाहेर येऊन म्हणाली, "मला त्या स्वस्त विमानात बसायचं नाही." ह्यांनी पुढे एक शब्द काढला नाही.

काल रात्री तिकिटं काढली. जाताना सगळे १४, दुसऱ्या कंपनीनं, ९ आणि ५ असे दोन पीएनआर. मामा-मामी वेगवेगळ्या पीएनआरवर ठेवलेत, चुकून एक गडबडला तरी निदान एक जण पोचावा. येताना आम्ही सहा, वेगळं तिकीट. सगळं कंपनीच्या साइटवरून, ह्यांच्या क्रेडिट कार्डानं. एजंटदादा, माफ करा, तुमचं कमिशन गेलं, पण आहेराच्या साड्या घ्यायला बर्डीला येईन तेव्हा दुकानात नक्की डोकावते.

पोरांचं परतीचं थांबवलंय. आबा, मला रेल्वेच्या साइटवर सहापेक्षा जास्त नावं टाकता येईनात. आठ जणांचं कसं करायचं?

तिकीटवाला_बर्डी
कमिशनचं मनात आणू नका ताई. चहा प्यायला या.

आबा_धरमपेठ
एका तिकिटावर सहाच नावं बसतात. सहा आणि दोन असं कर. आठही नावं आधारप्रमाणे, वयासकट, मास्टर लिस्टमध्ये आधीच भरून ठेव, म्हणजे आठ वाजता टाइप करत बसायला नको. दोघांनी दोन खात्यांवरून एकाच वेळी काढा. एक तुझं, दुसरं माझं वापर. त्या दिवशी मी साडेसातलाच लॅपटॉप उघडून बसतो, तू फक्त आदल्या रात्री फोन करून आठवण दे.